जुन्या गाडीचा भाव

आमच्या सातारा-सांगली भागात ‘क्रूझर’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल येत नाही. येते ती वडापची लांबडी जीप. मागं समोरासमोर बाकडी, टपावर बोचकी, आत दहा-बाराच्या जागेत अठरा माणसं आणि दाराला लटकलेला किन्नर. लग्नाचं वऱ्हाड असो, मांढरदेवीची जत्रा असो, नाहीतर दवाखान्याची गडबड, सगळ्याला तीच. त्यामुळं शहरातली पोरं ज्या मोटारसायकलीला क्रूझर म्हणतात, तिला आमच्याकडं बरीच वर्षं नावच नव्हतं. कुणी ‘लांब गाडी’ म्हणायचं. बहुतेक जण सरळ ‘बुलेट’ म्हणून मोकळे व्हायचे, मग ती बुलेट असो वा नसो.

जाणकारांच्या हिशेबानं बुलेट ही क्रूझर नव्हेच. क्रूझर म्हणजे अमेरिकेतल्या सरळसोट, न संपणाऱ्या रस्त्यांसाठी घडलेली गाडी. बैठक बुटकी, हँडल रुंद आणि मागं वळलेलं, पाय पुढं ताणलेले, दोन चाकांतलं अंतर जास्त. बुलेट मूळची इंग्लंडची, तिच्यावर माणूस ताठ बसतो. पण जड, संथ, धुगधुगत जाणारी आणि चालवणाऱ्याला पाटलाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायला लावणारी गाडी आपल्याकडं चाळीस-पन्नास वर्षं तीच एक होती. म्हणून मी या दोन्ही जाती एकाच दावणीला बांधतो. जाणकारांनी राग मानू नये.

आता आमचा रस्ता सांगितला पाहिजे, कारण आमच्याकडं गाडी माणूस निवडत नाही, घाट निवडतो. वाईहून निघालं की पसरणी, तिथून वळणावळणानं घाट, खाली धोम धरणाचं पाणी, आणि बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी. दांडेघर, खिंगर, गोडवली, अमरळ, तायघाट या पाच गावांमधल्या डोंगरावर इंग्रजांनी वसवलेलं हे गाव समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. म्हणजे एवढ्याशा अंतरात सहाशे मीटरची चढण. वर हवा विरळ. वाईत कार्बोरेटर नीट लावून आणलेली गाडी पाचगणीत काळा धूर टाकते आणि प्लग काजळतो, कारण पेट्रोल तेवढंच जातं, हवा कमी मिळते. आमच्या गावातल्या, म्हणजे खिंगरच्या, प्रत्येक गाडीवाल्याच्या खिशात प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असायचा. चुना-तंबाखूच्या पिशवीशेजारी.

आमच्या लहानपणी डोंगरावर मोटारसायकली तीन प्रकारच्या. राजदूत, येझदी आणि बुलेट. एस्कॉर्ट्स कंपनीची १७५ सीसीची राजदूत दूधवाल्यांची. दोन्ही अंगांना दुधाचे कॅन लावून ती पहाटे धुक्यातून खाली जायची. तिचीच बुटकी बहीण १९७३ च्या ‘बॉबी’ सिनेमात ऋषी कपूरनं चालवली, आणि त्यानंतर तिला कंपनीनं दिलेलं नाव कुणी घेतलं नाही, सगळे तिला बॉबीच म्हणू लागले. येझदी म्हैसूरची. आधी ती जावा होती, चेकोस्लोव्हाकियातून परवाना आणून आयडियल जावा कंपनीनं १९६१ पासून बनवलेली, १९७३ पासून नाव येझदी झालं. तिची गंमत अशी की किक आणि गिअर एकाच दांडीवर. किक मारून झाली की तीच दांडी पुढं पाडायची, झाला गिअरचा पेडल. नवख्या माणसाला वाटायचं गाडीचा एक भाग पडला वाटेत.

या दोन्ही टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकायचं, आणि ते पेट्रोलबरोबर आत जाऊन पिस्टनला वंगण द्यायचं. सपाटीला हे झकास चालतं. घाट उतरताना मात्र माणूस थ्रॉटल मिटतो. थ्रॉटल मिटला की पेट्रोल कमी, पेट्रोल कमी तर ऑइलही कमी, आणि चाकांच्या ओढीनं इंजिन मात्र फिरतच राहतं. वर तापलेलं इंजिन खाली येता येता धरायचं, पिस्टन जाम. पसरणीच्या खालच्या वळणांवर येझदी ढकलत चाललेला माणूस हे त्या काळातलं नेहमीचं दृश्य. शहाणे लोक उतारावर मधूनमधून विनाकारण रेस करायचे. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, काय मस्ती आलीय यांना. ती मस्ती नसायची, वंगण असायचं.

बुलेटला ही भीती नव्हती. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल वेगळं. दुसऱ्या गिअरला टाकून सोडली की इंजिनच गाडी मागं ओढून धरतं, ब्रेकवर निम्मा भार. त्या वेळी सगळ्यांना ड्रम ब्रेक, आणि लांब उतारावर ड्रम तापला की ब्रेक नुसता नावाला उरतो. डोंगरावर बुलेटला जो मान होता तो रुबाबाचा कमी आणि या कारणाचा जास्त होता, असं माझं मत आहे. रुबाब पोलिसांनी आणि फौजेनं दिला. पन्नाशीच्या दशकात भारतीय लष्करानं सरहद्दीच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या आठशे बुलेट मागवल्या, त्यातून १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया उभी राहिली. पुढं इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली तरी मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरचा कारखाना चालूच राहिला, तीच गाडी काढत.

आणि आता येतो पैशाचा भाग. नवी घ्यावी की जुनी, हा प्रश्न आजच्या पोरांना जसा पडतो तसा तेव्हा पडायचाच नाही. परवान्यांचं राज्य होतं. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवायचं, आणि नंबर लावून बसायचं ते गिऱ्हाइकानं. आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट बघितली. मुलाच्या बारशाला नंबर लावला तर शाळेत पोचवायला स्कूटर येईल, असं लोक थट्टेनं म्हणायचे. परिणाम असा की दोन वर्षं वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची, कारण नवी मिळायला लागायची वर्षं आणि जुनी मिळायची त्याच संध्याकाळी. जुन्या गाडीच्या भावात लोखंड कमी आणि वेळ जास्त असायचा.

१९८४-८५ नंतर हे चित्र पार उलटलं. सरकारनं दार किलकिलं केलं आणि जपानी आले. इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाज, आणि सगळ्यांचा बाप म्हणजे हिरो होंडाची सीडी १००. लिटरला ऐंशी किलोमीटरची जाहिरात. ज्या माणसानं आयुष्यभर तीस-पस्तीसच्या वर मायलेज पाहिलं नव्हतं त्याला हे भुताटकीसारखं वाटलं. बघता बघता जुन्या बुलेटचा भाव कोसळला. शहरातल्या डॉक्टर-वकिलांनी बुलेट काढून टाकल्या आणि त्या स्वस्तात खेड्यांकडं सरकल्या.

त्याच लाटेत १९८७ ला आमच्या घरात पहिली मोटारसायकल आली. थोरल्या चुलत्यांनी पैसे सीडी १०० साठी जमवले होते. घरातली एक दुभती म्हैस विकून. चुलती दोन दिवस जेवली नव्हती. चुलते पाचगणीच्या शाळांच्या वसतिगृहांना भाजी आणि दूध घालायचे. वाईच्या बाजारातून माल भरायचा आणि वर आणायचा. सीडी १०० ला दोन कॅन आणि मागं बटाट्याचं पोतं लावून पसरणीचा घाट चढवायचा, तर पहिल्या गिअरशिवाय गत नव्हती. वाईच्या एसटी स्टँडमागं एक मिस्त्री होता, बुलेटच्या कामात मुरलेला. त्यानं चुलत्यांना विचारलं, “घाटात गाडीनं तुमास्नी वाहायचं का तुमी गाडीला?” आणि सांगलीतल्या एका हळदीच्या अडत्याची बुलेट विकायला काढलीय, असं सांगितलं. १९७४ चं मॉडेल, मालक एकच, भाव नऊ हजार. नव्या सीडीपेक्षा कमीच.

दोघं एसटीनं सांगलीला गेले. मिस्त्रीनं गाडी कशी बघितली ते चुलते पुढं कित्येक वर्षं सांगायचे. आधी त्यानं सायलेन्सरला हात लावला, थंड आहे की नाही बघायला. मालकानं आधीच चालू करून गरम केलेली गाडी दहा मिनिटं गोडच वागते. मग आरसी बुक मागवून चेसीचा नंबर बोटानं चाचपला. गाडीच्या पाठीमागं दहा पावलांवर उकिडवा बसून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का ते पाहिलं. हँडल डावी-उजवीकडं सावकाश फिरवून कोनसेट अडकतोय का पाहिलं. शेवटी किक. पहिल्या धुराचा रंग त्यानं फडक्यावर घेतला. निळा नव्हता. “बोअर उभा हाय,” एवढंच म्हणाला. चुलत्यांनी पैसे मोजले आणि कराड, सातारा, वाई करत अंधार पडता पडता बुलेट खिंगरला आली. चुलतीनं ओवाळलं, पण म्हणाली, “म्हस आवाज करत न्हवती एवढा.”

मधल्या काळातली डिझेल बुलेट सोडून पुढं जाणं बरं नव्हे. नव्वदच्या दशकात एनफील्डनं ग्रीव्ह्ज-लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं डिझेल इंजिन बसवून टॉरस नावाची गाडी काढली. साडेसहा हॉर्सपॉवर, चक्क शेतातल्या पंपाचा आवाज, आणि मायलेज सत्तरच्या वर. सपाटीच्या गावांत दूधवाल्यांनी ती डोक्यावर घेतली. आमच्या घाटात ती चढायची, पण तिच्या मागं अडकलेल्या एसटीच्या ड्रायव्हरच्या शिव्या ऐकत. प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि २००० च्या आसपास ती संपली.

खरीखुरी क्रूझर आपल्याकडं आणली ती पुण्याच्या बजाजनंच, २००१ साली, एलिमिनेटर नावानं. इंजिन कावासाकीचं, १७५ सीसी. थोड्याच दिवसांत यामाहाची १२५ ची एन्टायसर आली. एनफील्डनंही २००२ ला थंडरबर्ड काढली. पाचगणीच्या बाजारपेठेत उन्हाळी सुट्टीत मुंबई-पुण्याच्या पोरांची एखादी एलिमिनेटर उभी राहायची आणि आमची पोरं घोड्याला बघावं तशी भोवती जमायची. पण ती महाग होती. २००५ ला बजाजनं त्याच अंगावर पल्सरचं १८० चं इंजिन चढवलं, किंमत खाली आणली आणि नाव दिलं ॲव्हेंजर. शेतकऱ्याच्या पोराला परवडेल अशी पहिली लांब गाडी ती. पुढं २०० झाली, २०१० ला २२० झाली. २०१५ च्या ऑक्टोबरात दोन रूपं आली: क्रोमनं मढवलेली, तारांच्या चाकांची क्रूझ आणि काळी, अलॉय चाकांची स्ट्रीट. दिल्लीच्या शोरूमचा भाव दोन्हींना चौऱ्याऐंशी हजार.

माझ्या पुतण्यानं २०१९ च्या पाडव्याला हीच घ्यायची ठरवली. आमच्या डोंगरावर पाडव्याला हात सैल असतो, कारण स्ट्रॉबेरीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. खालच्या ऊसवाल्यांचं घर कारखान्याच्या बिलावर चालतं, आमचं फळाच्या पेट्यांवर. पण पाडव्याच्या पैशातच पुढच्या वर्षीची रोपं असतात. मे-जूनमध्ये मातृरोपं आणायची, पावसाळ्यात वाफ्यावर वाढवायची, सप्टेंबरात लावायची. पुतण्याच्या हातात गाडीसाठी म्हणून साठ हजार होते, आणि त्याच्या बापानं स्पष्ट सांगितलं होतं की एकसष्टावा हजार रोपांचा आहे.

नव्या २२० ला आता एबीएस सक्तीचं झालं होतं. भाव लाखावर. शिवाय शोरूमचा भाव वेगळा आणि रस्त्यावरचा वेगळा, हे पोरांना काउंटरवर गेल्यावर कळतं. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागतो, त्यावर आरटीओचा कर. नवी क्लासिक बुलेट दीड लाखाच्या घरात. म्हणजे नवी घ्यायची तर पतसंस्थेचं कर्ज आणि दर महिन्याला हप्ता. ज्याच्या घरात सहा महिने पैसा येतो आणि सहा महिने जातो, त्यानं बारा महिन्यांचा हप्ता डोक्यावर घ्यावा का? पगारदाराचं गणित निराळं. मी पोराला एवढंच म्हटलं की आधी जुन्या बघून ये, मग ठरव.

जुनी बुलेट घ्यायचा विचार त्यानं सोडला तो भावामुळं. इथं मला स्वतःला नवल वाटलं. १९८७ ला मातीमोल झालेली, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची जुनी बुलेट आता नव्वद हजार, लाख अशा भावांनी मागितली जात होती. २००९ ला नव्या इंजिनाची क्लासिक आली, ती शहरात वाऱ्यासारखी खपली, आणि मग ज्यांच्याकडं नवी होती त्यांना जुन्या आवाजाची आठवण येऊ लागली. त्यापेक्षा तीन वर्षं वापरलेली ॲव्हेंजर पन्नास-पंचावन्नला मिळत होती. क्रूझरच्या बाबतीत हे नेहमीच होतं. हौसेनं घेतात, लग्न झालं की मागची सीट लहान पडते, आणि गाडी विकायला निघते.

कराडच्या बाजूची एक २०१६ ची स्ट्रीट २२० ठरली, बावन्न हजाराला. वाईचा तो मिस्त्री आता गेला, त्याचा मुलगा दुकान बघतो. तो बरोबर गेला. सायलेन्सरला हात, चेसी नंबर, दोन्ही चाकांची रेषा, सगळं बापाच्या क्रमानं. नवीन एवढंच की त्यानं आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहिलं. होता. कर्ज फिटलेलं, पण नाव उतरवलेलं नव्हतं. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात पडेपर्यंत त्यानं २९-३० वर सही घेऊनही पैसे देऊ दिले नाहीत. आठवडा गेला. (त्याच ऑगस्टात सांगलीला महापूर आला, आणि नंतर तो जुनी गाडी बघताना आधी सीट उचलून एअर फिल्टरच्या डब्यात बोट फिरवू लागला. गाळ धुतला तरी कोपऱ्यात राहतो.)

काळी स्ट्रीट घेतली हे बरं झालं. पाचगणीचा पाऊस आणि धुकं क्रोमला दोन वर्षांत खरूज आणतं. बैठक बुटकी, ७३७ मिलीमीटर, त्यामुळं बेताच्या उंचीच्या माणसाचेही दोन्ही पाय जमिनीला टेकतात, आणि घाटातल्या कोंडीत हे सुख बुलेटवर मिळत नाही. वाईट गोष्टही सांगितली पाहिजे. पाय पुढं असल्यामुळं खड्डा आला की पावलांवर उभं राहून अंग उचलता येत नाही, धक्का सरळ माकडहाडाला. आणि लांब गाडी तीव्र वळणावर सावकाश फिरते. पसरणीच्या केसपिनसारख्या वळणांवर पोराला पहिला महिनाभर आतली बाजू सोडून रुंद वळावं लागायचं, समोरून एसटी येत नाही ना ते बघत. घाटात शिकायला ही गाडी नव्हे. घाट आधीच शिकलेल्याला ठीक.

चुलते तेव्हा ऐंशीला टेकलेले. त्यांनी ॲव्हेंजरभोवती एक फेरी मारली, सीटवर हात ठेवला आणि विचारलं, “हिला किक कुठाय?” नाही म्हटल्यावर पुढं काही बोलले नाहीत.

त्या वर्षी पाऊस दिवाळी झाली तरी हटला नाही. सप्टेंबरात लावलेली रोपं ऑक्टोबरच्या पाण्यात वाफ्यावरच कुजली. अर्धं रान पुन्हा लावायचं तर रोपांना नव्यानं पैसे हवे होते, आणि तेही आठवड्यात, नाहीतर हंगाम हातचा जायचा. पुतण्यानं स्वतःच गाडी विकायची तयारी दाखवली. वाईत चौकशी केली. सहा महिन्यांपूर्वी बावन्नला घेतलेल्या ॲव्हेंजरला चाळीसच्या वर कुणी जाईना. दारात लोक पुराची आणि पावसाचीच गोष्ट करत होते, गाड्या घ्यायला कुणाकडं पैसा होता?

पुण्याचा एक गृहस्थ मात्र दोन वर्षं चुलत्यांच्या बुलेटमागं लागला होता. १९७४ ची, दर पाच वर्षांनी पासिंग करून कागद चालू ठेवलेली, एकाच घरात बत्तीस वर्षं. त्याचा भाव पंच्याण्णव हजार होता. चुलत्यांनी नातवाला फोन लावायला सांगितलं. कुणी काही समजावलं नाही आणि त्यांना समजावण्याची गरजही नव्हती. मोटारसायकल चालवून त्यांना सहा वर्षं झाली होती, गुडघ्यांमुळं. तरी रोज सकाळी ते फडकं मारायचे.

तो गृहस्थ रविवारी आला, मित्राच्या मोटारीनं. पैसे चुलतीच्या हातात दिले, तिनं दोनदा मोजले आणि आत नेले. मग त्यानं हेल्मेट चढवलं आणि किक मारायला लागला. पाच-सहा मारल्या. गाडी नुसती खोकायची. चुलते ओट्यावरून काठी टेकत खाली आले. “आधी सावकाश दाबा,” म्हणाले, “काटा मधी आला का? आला? आता ही दांडी धरा, जरा पुढं ढकला, सोडा. आता मारा.” एका किकेत गाडी चालू झाली. माणूस खूश होऊन बसला आणि सवयीनं डाव्या पायानं गिअर शोधू लागला.

“अवो पावणं,” चुलते त्याच्या दंडाला धरून आवाजावर ओरडले, “गिअर उजवीकडं. पयला वर, बाकीचं खाली. ब्रेक डाव्या पायाला. घाट उतरताना इसरू नका.”

तो हो म्हणाला. अंगणातच दोन चकरा मारून बघितल्या, आणि दांडेघरच्या रस्त्याला लागला. मित्राची मोटार मागं. पुतण्याला चुलत्यांनी ॲव्हेंजर काढायला लावली आणि त्यांच्या मागोमाग पसरणीपर्यंत पाठवलं, पावणा नीट उतरतोय का बघायला.